एका रस्त्याचे चार क्रमांक

सार्वजनिक कामाचं टेंडर, बिल आणि ऑडिट घरबसल्या पाहता येतं का, हे मी आमच्या गावातल्या एकाच रस्त्यापुरतं तपासून बघितलं. बरंचसं पाहता येतं. मात्र ते एका जागी सापडत नाही, आणि ज्या कागदावर सगळं अडतं तोच नेमका ऑनलाइन नसतो. तो मिळवून सगळे कागद शेजारी शेजारी मांडेपर्यंत काय काय करावं लागलं, ते इथं लिहिते आहे. कुणाला आपल्या गावातल्या कामाचा असाच माग काढायचा असेल तर उपयोगी पडेल.

रस्ता साधाच, देवळापासून वरच्या वस्तीपर्यंतचा. 15व्या वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीनं ई-निविदा काढून त्याचं काँक्रिटीकरण केलं होतं. काम होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच नळाच्या पाइपलाइनसाठी तो एका कडेनं फोडला आणि काँक्रीटचा काप उघडा पडला. थर पातळ वाटला म्हणून पट्टी लावून पाहिली. 11 सेंटीमीटर भरला. आता 11 हे कमी की बरोबर, हे नुसतं मोजून कळत नाही. ठरलं किती होतं, ते माहीत असावं लागतं. गावात ज्याला त्याला विचारलं. कुणी म्हणालं चार इंच असतो, कुणी म्हणालं सहा. नक्की कुणालाच माहीत नव्हतं.

मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. दर वर्षी ऑडिटर येतात, व्हाउचर काढायला लावतात, दोष दाखवतात आणि आम्ही दोषदुरुस्ती अहवाल देतो. प्रत्येक खर्चामागे कागद असतो आणि तो दुसऱ्या कागदाला कुठंतरी जोडलेला असतो, हे रोजच्या कामामुळं अंगवळणी पडलंय. म्हणून सुरुवात पैशापासून केली.

ग्रामपंचायतींचा वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर दिसतो. 24 एप्रिल 2020 रोजी, पंचायत राज दिनी, ते सुरू झालं. लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडत गेलं की मंजूर आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च समोर येतो. प्रत्येक कामाला स्वतःचा क्रमांक असतो. आमच्या रस्त्यापुढे दोन देयकं होती, एक चालू देयक आणि दुसरं मार्चअखेरचं अंतिम देयक. व्हाउचर क्रमांक, तारीख, पैसे कुणाला गेले आणि किती गेले, सगळं स्पष्ट होतं. ही माहिती तिथं असण्याला एक ठोस कारण आहे. मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन उपलब्ध असतील तरच अनुदान, अशी अट 15व्या वित्त आयोगानं घातली. पैसे अडतात म्हटल्यावर हिशेब वेळेत चढतात. पारदर्शकतेबद्दल कितीही परिपत्रकं निघाली तरी अशा एका अटीनं जे होतं ते त्यांनी होत नाही, असं माझं मत आहे.

याच ठिकाणी बंधित आणि अबंधित निधीचाही उलगडा होतो. 2021 ते 2026 या काळात या अनुदानाचा 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, 40 टक्के अबंधित. आमचा रस्ता अबंधितमधला. ‘पाण्याचे पैसे रस्त्याला लावले’ अशी कुजबुज गावात होती. ती खोटी होती, आणि तेही याच पानावर कळलं. कागद उघडे असले की चुकीचा संशयही मिटतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पैसे किती गेले ते कळलं, पण कशासाठी गेले ते कळायला टेंडर हवं होतं.

राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर मुदत संपलेल्या निविदाही जतन केलेल्या असतात. शोधणं मात्र जिकिरीचं. कामाचं नाव रोमन लिपीत भरलेलं असतं आणि गावाचं स्पेलिंग भरणाऱ्याच्या मनावर. आमच्या गावाच्या नावात ‘व’ आहे, तो कुठं डब्ल्यूनं लिहिलेला, कुठं व्हीनं. ई-ग्रामस्वराजवरचा कामाचा क्रमांक इथं चालत नाही, कारण टेंडर आयडी निराळा, वर्षापासून सुरू होणारा लांबलचक. शेवटी नावाचा नाद सोडला आणि तारखेवरून गेले. पहिलं देयक कधी निघालं ते माहीत होतं, म्हणजे निविदा त्याच्या आधीच्या काही महिन्यांतली असणार. त्या काळातल्या, आमच्या पंचायत समितीच्या हद्दीतल्या निविदा एकेक करून पाहिल्या आणि सापडली.

या कागदांत बारकाईनं पाहण्यासारखं खूप असतं. निविदा सूचना, बी-1 या करारनाम्याच्या नमुन्यातल्या अटी-शर्ती, आणि कामाच्या बाबींचा तक्ता, ज्याला सगळे बीओक्यू म्हणतात. तक्ता आधी बघावा. आमच्या रस्त्याच्या तक्त्यात खोदाई, खडीचा थर, त्यावर एम-20 काँक्रीट, आणि शेवटी कामाचा माहिती फलक. काँक्रीटपुढे लिहिलं होतं: लांबी 320 मीटर, रुंदी 3.50 मीटर, जाडी 0.15 मीटर, एकूण 168 घनमीटर.

म्हणजे 15 सेंटीमीटर. माझ्या पट्टीवरच्या 11ला आता अर्थ आला. सगळा रस्ता 11चा असता तर काँक्रीट 123.2 घनमीटर भरलं असतं, 44.8 घनमीटर कमी. तक्त्यातला दर 6,200 रुपये घनमीटर होता, म्हणजे 2,77,760 रुपये. ठेकेदारानं 12.60 टक्के बिलो, म्हणजे ठरलेल्या दरापेक्षा तेवढं कमी, भरलं होतं. ते वजा केलं तरी दोन लाख चाळीस हजारांच्या वर जातं. पण हा सगळा ‘असता तर’चा हिशेब. एका ठिकाणच्या कडेच्या कापावरून सगळ्या रस्त्याची जाडी ठरवणं अन्यायाचं आहे, कडेला थर पातळ असू शकतो. म्हणून हा आकडा मी तेव्हा कुणाला सांगितला नाही. आकडा एकदा तोंडातून सुटला की गावात तोच खरा होऊन बसतो.

अटींमध्ये आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडं सहसा कुणी बघत नाही. दोषदायित्व कालावधी. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा, आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव परत द्यायची नाही. तारखा जुळवून पाहिल्या. कालावधी अजून संपलेला नव्हता. ठेव अजून ग्रामपंचायतीकडेच होती.

राहिला तो मधला कागद. टेंडरमध्ये ठरतं काय आणि बिलात पैसे जातात किती, या दोहोंमध्ये मोजमाप पुस्तिका असते, तीच एमबी. अभियंता जागेवर जाऊन मोजतो, एमबीत नोंदवतो, आणि त्या मोजमापावर बिल निघतं. म्हणजे काम प्रत्यक्षात किती झालं, याचा सरकारी पुरावा एवढाच. आणि तो मला कुठल्याच संकेतस्थळावर मिळाला नाही. जिओ-टॅग केलेले फोटो असतात, कामाआधीचा, काम चालू असतानाचा, काम झाल्यावरचा. पण फोटोत जाडी दिसत नाही.

ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, ‘‘वहिनी, एमबी आमच्याकडं नसते. पंचायत समितीत साहेबांकडं असते.’’ तसं असेल, पण माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 6(3) प्रमाणं अर्ज दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित असेल तर तो 5 दिवसांत तिकडं पाठवणं हे अर्ज घेणाऱ्याचं काम आहे. नागरिकानं दारोदार फिरायचं नसतं. म्हणून अर्ज तिथंच दिला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून.

अर्ज कसा लिहावा याबद्दल थोडं सांगते, कारण निम्मं यश त्यातच आहे. ‘रस्ता निकृष्ट का झाला’ असं विचारलं तर उत्तर येत नाही, आणि कायद्यानं ते द्यावंही लागत नाही. माहिती म्हणजे अस्तित्वात असलेला अभिलेख. ‘का’चं उत्तर अभिलेखात नसतं. मी लिहिलं ते असं: अमुक टेंडर आयडीच्या कामाचा कार्यारंभ आदेश, अमुक व्हाउचरनं अदा केलेल्या देयकाशी संबंधित मोजमाप पुस्तिकेची पानं, काँक्रीटच्या गुणनियंत्रण चाचणीचे अहवाल, आणि माहिती फलकाच्या खर्चाची नोंद. ऑनलाइन सापडलेले क्रमांक अर्जात घातले की ‘माहिती मोघम आहे’ असं म्हणून अर्ज परत करायला जागा राहत नाही. आधी संकेतस्थळं धुंडाळण्याचा खरा फायदा हा झाला.

उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. तोवर थांबायची गरज नव्हती. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं परिपत्रक काढलं. जिल्ह्यातली व त्याखालची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं त्यात आहे. मी सोमवारी पंचायत समितीत गेले. टेबलावरचे लिपिक म्हणाले, ‘‘अर्ज आलाय ना, मग उत्तर येईल. थांबा 30 दिवस.’’ परिपत्रकाची प्रिंट पर्समध्ये होती. शासनाच्या प्रत्येक निर्णयाखाली तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचं आणि त्याचा संकेतांक काय, ते छापलेलं असतं. तो संकेतांक मी त्यांना वाचून दाखवला आणि त्यांच्याच संगणकावर परिपत्रक उघडून बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं. त्यानंतर वागणं बदललं, हे प्रामाणिकपणं सांगायला हवं. अडवणूक नव्हती ती. त्यांच्यापर्यंत ते परिपत्रक पोचलंच नव्हतं.

शाखा अभियंत्यांनी एमबी काढून दिली. जाड पुठ्ठ्याचं, आडव्या रकान्यांचं पुस्तक. संख्या, लांबी, रुंदी, उंची, परिमाण. आमच्या रस्त्याची काँक्रीटची नोंद एका ओळीत होती: 1 × 320.00 × 3.50 × 0.15 = 168.00.

मी त्या ओळीकडं बराच वेळ बघत राहिले. अंदाजपत्रकात, म्हणजे टेंडरच्या तक्त्यात, 168, एमबीतही 168.00. अंदाजपत्रक काम सुरू व्हायच्या आधी कार्यालयात बसून करतात. प्रत्यक्ष जमिनीवर काम उतरलं की लांबी मीटरभर इकडंतिकडं होते, जाडी कमीजास्त होते, रुंदी जागेप्रमाणं बदलते. दोन्हीकडं दशांशापर्यंत एकच आकडा यावा हे फार अवघड. आणि आमच्या रस्त्यावर तर ते शक्यच नव्हतं, कारण विहिरीपाशी दोन्ही बाजूंना घरांचे ओटे आहेत आणि तिथं रस्ता जेमतेम पावणेतीन मीटरचा आहे. ट्रॅक्टर समोरून आला की मोटरसायकल थांबवावी लागते, हे गावातलं शाळकरी पोरही सांगेल. एमबीत मात्र आरंभापासून शेवटपर्यंत 3.50. अशा ठिकाणी रुंदी बदलेल तसे तुकडे पाडून नोंद करायची असते.

कलम 2(ञ) नुसार कामाची, दस्तऐवजांची पाहणी करता येते, टिपणं घेता येतात, प्रमाणित प्रती मागता येतात, साहित्याचे नमुनेसुद्धा. मी टिपण घेतलं. प्रती नंतर टपालानं आल्या, पानाला 2 रुपये दरानं.

चौथा कागद लेखापरीक्षणाचा. संसदेच्या आणि विधिमंडळाच्या पातळीवरचे महालेखापरीक्षकांचे अहवाल सभागृहात मांडल्यावर लगेच वाचायला मिळतात आणि त्यांच्या बातम्याही होतात. ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण राज्याचा स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो आणि त्याची बातमी कधीच होत नाही. पण वित्त आयोगाच्या निधीचे लेखापरीक्षण अहवाल ऑडिटऑनलाइन या संकेतस्थळावर चढवले जातात, आमच्या गावाचाही होता. आमच्या रस्त्याच्या व्हाउचरवर तीन आक्षेप निघाले. गुणनियंत्रण चाचणी अहवाल नस्तीत आढळला नाही. गौण खनिजाच्या, म्हणजे खडी-वाळूच्या, रॉयल्टीच्या पावत्या देयकासोबत नाहीत. बांधकाम कामगार कल्याण उपकर 1 टक्का कापलेला दिसत नाही. खाली नेहमीचं वाक्य, अनुपालन सादर करावे.

रुंदीबद्दल एक अक्षर नव्हतं, जाडीबद्दलही नाही. पण यात लेखापरीक्षकाची कसूर नाही. त्याच्यासमोर अंदाजपत्रक 168, एमबी 168, बिल 168. कागदाला कागद जुळला. आमच्या विहिरीपाशी ओटे आहेत हे त्याला कुठून कळणार? आणि ज्यांना ते रोज दिसतं त्या गावकऱ्यांना एमबीत 3.50 लिहिलंय हे कुठून कळणार? लेखापरीक्षणाचा अहवाल ऑनलाइन टाकण्याची खरी गरज मला इथं पटली. तालुक्याला बसून जे तपासता येत नाही ते तपासू शकणारी माणसं गावात आहेत, फक्त त्यांच्या हातात कागद नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 पासून जनसुनवायांमध्ये नेमकं हेच केलं, हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचली. ज्यांची नावं मजूर म्हणून लागली होती ते समोर उभे राहून सांगू लागले की आम्ही कामावर नव्हतोच. माहिती अधिकाराची चळवळ तिथून मोठी झाली. हजेरीपट आधीही तपासला जातच होता. तो गावासमोर वाचला जात नव्हता.

आता या चारही कागदांचे क्रमांक बघा. ई-ग्रामस्वराजवर कामाचा क्रमांक, टेंडरला टेंडर आयडी, एमबीला पुस्तिका आणि पान क्रमांक, ऑडिटमध्ये परिच्छेद क्रमांक. एका रस्त्याचे चार क्रमांक, आणि एकातून दुसऱ्याकडं जायचा रस्ता नाही. देयक आणि ऑडिट यांना जोडणारा व्हाउचर क्रमांक तेवढा सापडला. बाकी सगळं तारखांवरून आणि अंदाजानं. कायद्याच्या कलम 4 मध्ये 17 बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितल्या आहेत, आणि लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी हा हेतूही त्यात लिहून ठेवलाय. 2005 सालची गोष्ट ही. 17 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं या कलमाच्या अंमलबजावणीवर सातत्यानं लक्ष ठेवायला केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांना पुन्हा सांगितलं. सांगावं लागलं, यातच सगळं आलं. स्लोव्हाकियात 1 जानेवारी 2011 पासून सार्वजनिक करार केंद्रीय नोंदवहीत ऑनलाइन प्रसिद्ध झाल्याशिवाय लागूच होत नाही. तीन महिन्यांत प्रसिद्ध झाला नाही तर तो झालाच नाही असं धरतात. तिथं प्रसिद्ध करणं ही कुणाची मर्जी राहत नाही. आपल्याकडं एवढीच एक गोष्ट करता आली की एमबीचं पान संकेतस्थळावर चढल्याशिवाय अंतिम देयक निघणार नाही, तर माझ्यासारखीला सोमवार गाठायची वेळ येणार नाही.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी चारही कागदांतले आकडे एका मोठ्या पानावर लिहून नेले. आदल्या दिवशी घरी येऊन काही जणांनी समजावलं, गावातल्या गावात कशाला, ठेकेदार आपल्यातलाच आहे. मला त्यांच्या बोलण्याचं वाईट वाटलं नाही. गावात रोज एकमेकांचं तोंड बघायचं असतं. म्हणून मी ठरवलं की कुणाचं नाव घ्यायचं नाही आणि कुणाला चोर म्हणायचं नाही. कागद वाचायचा आणि एकच मागणी करायची, फेरमोजणी.

बिल आणि टेंडर वाचेपर्यंत शांतता होती. एमबीची ओळ वाचली तेव्हा मागं बसलेले आप्पा उठले. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. ते म्हणाले, ‘‘सूनबाई, परत वाच. विहिरीपाशीबी साडेतीन मीटर?’’ मी परत वाचलं. मग एकदम सगळे बोलायला लागले, आणि ते माझ्या आकडेमोडीबद्दल नव्हतं, विहिरीबद्दल होतं. सरपंच ताई आधी चिडल्या. हे सगळं आमच्या कार्यकाळालाच का, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. पण पुढं त्यांनीच विचारलं की ठेव अजून परत दिलेली नाही ना. भाऊसाहेबांनी नाही म्हणून सांगितलं. तिथून सभेचा सूर बदलला.

ठराव दोन झाले. पहिला, उपअभियंत्यांकडून रस्त्याची फेरमोजणी आणि जाडीसाठी कोअर (काँक्रीटचा गोल आरपार नमुना) काढणं, अहवाल येईपर्यंत ठेव परत न करणं. दुसरा, पुढच्या प्रत्येक कामासाठी कामाचा क्रमांक, टेंडर आयडी, एमबीचं पान आणि ऑडिटचा परिच्छेद एकाच कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणं.

फेरमोजणी झाली. या वेळी रुंदी तुकड्या-तुकड्यानं घेतली, विहिरीपाशी 2.80 भरली. कोअरमध्ये जाडी मधोमध 14च्या आसपास आणि कडांना कमी निघाली. म्हणजे माझा ‘असता तर’चा मोठा आकडा खरा नव्हता, आणि 168 घनमीटरही खरा नव्हता. जास्त दिलेली रक्कम ठेवीतून वळती करण्याचा प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांकडं गेलाय. रस्त्यावर तोवर नसलेला माहिती फलक त्याच आठवड्यात उभा राहिला.

दुसऱ्या ठरावाप्रमाणं अंगणवाडीच्या दुरुस्तीचा कागद फलकावर लागला आहे. कामाचा क्रमांक आणि टेंडर आयडी भरलेला आहे, एमबीची जागा मोकळी आहे, कारण काम चालू आहे. रस्त्याच्या तीन लेखाआक्षेपांचं अनुपालन मात्र अजून सादर व्हायचंय. ते आलं की प्रत्येक आक्षेपापुढं काय उत्तर लिहिलंय ते ग्रामसभेत वाचायचं, असं सरपंच ताईंशी बोलून ठेवलंय. रॉयल्टीच्या पावत्या ठेकेदाराकडं आहेत, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना पावत्यांवरच्या तारखा कामाच्या तारखांशी जुळवून बघायला सांगितलंय.